नादारीचा अर्ज

जून महिना जवळ येऊ लागला की गावोगावच्या घरांत दोन काळज्या एकदमच उभ्या राहतात. एक पावसाची आणि दुसरी शाळेच्या फीची. पावसाविषयी आपण मोकळेपणाने बोलतो. पारावर बोलतो, एस.टी.त बोलतो, लग्नाच्या पंगतीत बोलतो. फीविषयी मात्र सगळे गप्प. पीक बुडालं हे माणूस चारचौघांत सांगेल. पण "पोरांची फी भरायला पैसे पुरत नाहीत," हे वाक्य मास्तरांच्या, ग्रामसेवकाच्या, सोसायटीच्या सचिवाच्या किंवा पाच-सहा एकर बागायतवाल्याच्या तोंडून सहसा निघायचं नाही. कारण लोक लगेच म्हणणार, "तुम्हांला काय कमी? महिन्याच्या महिन्याला पगार येतो की!"

आज आपल्याशी बोलायचे आहे ते ह्याच मंडळींविषयी. गरीब म्हणून कुठल्या यादीत नाव नाही, श्रीमंत म्हणून कोणी ओळखत नाही, आणि घरात शिकणारी मुले तीन, चार किंवा पाच. मुले खासगी शाळेत आहेत. ती तिथे का घातली, घालायला हवी होती का, हा वाद आज नको. गावच्या शाळेत चांगले मास्तर असतील तर मी स्वतः मुलांना तिथेच घालायला सांगेन. पण एकदा मुले शाळेत रुळली, त्यांचे माध्यम ठरले, की प्रश्न उरतो तो पुढचा: ही फी पेलायची कशी, आणि सवलत मागायची असेल तर कोणाकडे, कोणत्या शब्दांत?

जुन्या मंडळींना 'नादारी' हा शब्द आठवत असेल. ज्याला फी देण्याची ऐपत नाही तो नादार. वर्षाच्या सुरुवातीला नादारीचे अर्ज निघत, कोणाला पूर्ण नादारी मिळे, कोणाला अर्धी. त्या शब्दाला थोडी लाज चिकटलेली होती हे खरे, पण सोय होती हेही खरे. पुढे १९५९च्या सुमारास, मुंबई राज्य असताना, यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री असताना, वर्षाला ९०० रुपयांच्या आत उत्पन्न असलेल्यांच्या मुलांना फी माफ झाली. ई.बी.सी. सवलत म्हणतात ती हीच. जात न विचारता केवळ ऐपत पाहून मिळणारी ही सवलत किती घरांतल्या पहिल्या पदवीधराला उपयोगी पडली, ते आपल्या आसपासच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. त्याही आधी १९१९ साली कराडजवळच्या काले गावी कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४पासून साताऱ्यात वसतिगृह चालवले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. मुलांनी मात्र फुकट खायचे नाही, राबायचे आणि शिकायचे, ही तिथली रीत.

ही सगळी परंपरा आपलीच आहे. मग आजच्या मध्यम घराने सवलत मागताना मान खाली का घालावी?

आता प्रत्यक्ष हिशेबाला बसू. समजा, एका घरात नवरा-बायको, चार मुले आणि आजी, अशी सात माणसे आहेत. कर्त्याच्या हाती महिन्याला ३८,००० रुपये येतात, म्हणजे वर्षाचे ४,५६,०००. शाळेची फी दर मुलामागे २८,०००, गाडीभाडे ९,०००, वह्या, पुस्तके, गणवेश, बूट मिळून ६,०००. एका मुलाचे झाले ४३,०००. घरात एकच मूल असते तर हा खर्च शंभरातले नऊ-साडेनऊ रुपये. सोसण्यासारखा. पण मुले चार आहेत. १,७२,००० रुपये! म्हणजे शंभरातले जवळजवळ अडतीस रुपये शाळेच्या दारात गेले. उरलेल्यात महिन्याला येतात २३,६०० आणि काही रुपये. त्यात सात माणसांचे खाणे, आजीची औषधे, घराच्या कर्जाचा हप्ता, पाहुणेरावळे आणि अडीनडीला लागणारे सगळे.

बघा, पगार तोच, शाळा तीच, फी तीच. एक घर मध्यमवर्गीय आणि दुसरे ओढगस्तीचे. फरक पडला तो खाणाऱ्या तोंडांनी आणि शिकणाऱ्या पाट्यांनी. उत्पन्नाच्या दाखल्यावर मात्र हा फरक कुठेच उमटत नाही. तहसीलदारांचा दाखला तुमची मिळकत सांगतो. ती कितीजणांत वाटली जाते ते सांगत नाही. ते सांगायचे काम अर्जाचे, म्हणजे तुमचे.

ह्या ओढगस्तीत घरात काय घडते? ते स्पष्टच सांगतो, कारण शिक्षकांनी ते रोज पाहिले आहे. मुलगा खासगी शाळेत राहतो आणि मुलीला काढून जवळच्या शाळेत घालतात. तिथे घातली म्हणून तिचे वाईटच होते असे नाही, पण निवड कशावरून झाली? तिच्या हुशारीवरून नव्हे. "ती काय, परक्याचं धन," असे आजी म्हणते आणि बाप ऐकून घेतो, कारण त्या वाक्याने त्याचा २८,००० रुपयांचा प्रश्न सुटतो. थोरली दहावीत असते, तिला घरी बसवून धाकट्याची फी भरली जाते, असेही होते. फीची सवलत ही नुसती पैशांची गोष्ट नाही, हे एवढ्यासाठीच म्हणतो. चौघांतला कोण गळणार हे तिच्यावर ठरते.

बरे, आता कायद्याने काय मिळते ते पाहू. पहिली गोष्ट सर्वांना ठाऊक असलेली, पण अर्धवट ठाऊक असलेली. २००९ सालचा शिक्षण हक्काचा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यातल्या बाराव्या कलमाप्रमाणे विनाअनुदानित खासगी शाळेला पहिलीच्या, किंवा शाळा त्याआधीपासून भरत असेल तर तिथल्या, निदान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांना द्याव्या लागतात आणि त्यांचे शिक्षण आठवीपर्यंत मोफत. महाराष्ट्रात दुर्बल घटक म्हणजे ज्याचे वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत. अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त, दिव्यांग मुले अशा वंचित गटांना उत्पन्नाची ही अट नाही. गटांची पूर्ण यादी त्या त्या वर्षीच्या सूचनेत असते, ती नीट वाचावी. कितीतरी घरे "आपला पगार जास्त आहे" म्हणून अर्जच करीत नाहीत आणि पुढे कळते की त्यांना ही अट नव्हतीच.

इथे एक घोटाळा नेहमी होतो. आठ लाखांच्या आतल्या उत्पन्नाचा ई.डब्ल्यू.एस.चा दाखला घेऊन लोक शाळेत येतात. तो दाखला २०१९च्या घटनादुरुस्तीने आलेल्या दहा टक्के आरक्षणासाठी आहे, नोकरीसाठी आणि उच्च शिक्षणातल्या प्रवेशांसाठी. शाळेच्या ह्या २५ टक्क्यांना तो चालत नाही. दोन्हींत 'दुर्बल' हा शब्द येतो, म्हणून माणूस फसतो. शिक्षकांनी हे पालकांना आधीच सांगितले तर एक हेलपाटा वाचेल.

ह्या जागांचा अर्ज शिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर भरावा लागतो, घरापासूनचे अंतर पाहिले जाते, एका अर्जात दहापर्यंत शाळा निवडता येतात आणि जागांपेक्षा अर्ज जास्त झाले की सोडत निघते. सोडत संगणक काढतो. "मी नंबर लावून देतो," म्हणणारा जो कोणी असेल त्याला दाराबाहेरूनच निरोप द्या. खोटा पत्ता, खोटा दाखला देऊन मिळालेला प्रवेश रद्द होतो आणि लाज मुलाला वाटते. अल्पसंख्याकांच्या संस्थांना ही २५ टक्क्यांची अट लागू नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दिला; तेव्हा तिथे ह्या जागा शोधू नयेत. आणखी एक. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला ह्या अटीतून सूट दिली होती. तो बदल मुंबई उच्च न्यायालयाने १९ जुलै २०२४ला रद्द केला. म्हणून कोणी जुना कागद दाखवून "आता ती योजना बंद झाली," म्हटले तर विश्वास ठेवू नका.

पण आपल्या चार मुलांच्या घराला ह्याचा उपयोग किती? प्रवेश फक्त सुरुवातीच्या वर्गाला. चौथीतल्या, सहावीतल्या मुलाला ह्या दारातून आत येता येत नाही. फार तर धाकट्याला येईल. आणि आठवी संपली की सवलतही संपते. नववीची पूर्ण फी एकदम अंगावर येते. सहावीपासूनच नववीचा विचार करा, असे मी त्या पालकांना सांगत असतो.

उरलेल्या योजना पाहू गेले तर मोठ्या कुटुंबाकडे त्यांनी पाठच फिरवलेली दिसते. आयकराच्या जुन्या पद्धतीत मुलांच्या शिकवणी-फीची वजावट मिळते, पण दर करदात्याला दोनच मुलांची, आणि तीही दीड लाखाच्या एकूण मर्यादेत विमा, भविष्यनिर्वाह निधी वगैरेंच्या बरोबर. नवी पद्धत निवडली तर तेवढीही नाही. मात्र नवरा-बायको दोघेही कर भरणारे असतील आणि दोघांनीही जुनी पद्धत धरली असेल, तर दोन मुलांची फी त्याने आणि दुसऱ्या दोघांची तिने दाखवता येते. पुष्कळ शिक्षक-दांपत्ये हे विसरतात! फी ज्याच्या नावे दाखवायची त्यानेच भरलेली असावी. देणगी आणि विकास निधी ह्यांत धरत नाहीत. केंद्र सरकारच्या नोकरांचा शिक्षण भत्ताही पहिल्या दोन मुलांपुरता. मुलींसाठी केंद्रीय मंडळाची एक शिष्यवृत्ती आहे, ती आईबापांची एकुलती एक लेक असेल तर. तीन लेकींच्या बापाने काय करायचे? कुटुंब लहान ठेवावे हे धोरण समजण्यासारखे आहे. पण तिसरे मूल जन्माला येऊन पाटी-दप्तर घेऊन उभे राहिल्यावर त्याला ते धोरण ऐकवण्यात काय अर्थ?

राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा आठवीत असते. साडेतीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाला, नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. मुले किती, हे ती विचारत नाही. पण ती सरकारी, स्थानिक संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतल्या मुलांनाच मिळते. विनाअनुदानित खासगी शाळेतल्या मुलाला नाही. नवोदय विद्यालयात सहावीला प्रवेश, राहणे-जेवणे सरकारी, निदान तीन-चतुर्थांश जागा ग्रामीण मुलांना. परीक्षेला एकदाच बसता येते. चार मुले असली तर चार वेळा नशीब काढता येते, एवढा मोठ्या घराचा फायदा.

आता ह्या दोन ओळींतून एक वाट दिसते का पाहा. थोरल्या मुलीला आठवीसाठी तालुक्याच्या अनुदानित विद्यालयात घातले, तर तिची २८,००० ची फी वाचते, शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसता येते (सातवीत ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातींना ५०), आणि ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत असल्यामुळे गाडीभाडेही वाचते. पण हे तिला नीट समजावून, तिच्याशी बोलून करावे. "तुला काढलं," असे तिला वाटता कामा नये. भाऊ खासगी शाळेतच राहणार असेल तर मुलगी विचारणारच, आणि तिला खरे उत्तर मिळाले पाहिजे.

दाखल्याविषयी एक गोष्ट ध्यानात ठेवा. फी थकली म्हणून खासगी शाळा सोडल्याचा दाखला अडवून धरते, असे घडते. शिक्षण हक्काच्या पाचव्या कलमाप्रमाणे आठवीपर्यंतच्या मुलाला सरकारी किंवा अनुदानित शाळेत जायचे असेल तर मुख्याध्यापकाने दाखला ताबडतोब दिला पाहिजे. आणि दाखला आला नाही म्हणून नव्या शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. थकलेली फी बापाच्या नावावर राहील, मुलाच्या नव्हे. शिक्षक मित्रांनो, हे कलम वहीत लिहून ठेवा. दाखल्यावाचून घरी बसलेला मुलगा दोन महिन्यांत शाळा विसरतो.

आता संस्थेकडे जाऊ. खासगी शाळा म्हटली की ती कोणा एका मालकाची, असे आपल्याला वाटते. पुष्कळदा तसे नसते. शाळा एखाद्या नोंदणीकृत न्यासाची किंवा मंडळाची असते, तिला सचिव असतो, कार्यकारिणी असते, तिची सभा भरते, तिच्याकडे कधी कोणा दात्याने आईबापांच्या स्मरणार्थ ठेवलेली ठेव असते. मुख्याध्यापकांच्या हाती फी माफ करणे नसते. त्यांच्या टेबलापुढे रडून उपयोग नाही. त्यांची शिफारस घ्यावी आणि अर्ज सचिवांच्या नावे द्यावा. द्यायचा केव्हा? पुढच्या वर्षाचा आकडा ठरण्याच्या आधी, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीत. जून उजाडला, फी थकली, नोटीस आली आणि मग अर्ज केला, की तो बाकीदाराचा अर्ज होतो.

फी ठरते कशी, हेही माहीत असावे. महाराष्ट्राचा फी विनियमनाचा कायदा २०११ चा, अंमलात आला २०१४च्या डिसेंबरात. त्याप्रमाणे वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांत पालक-शिक्षक संघ झाला पाहिजे आणि त्याची कार्यकारी समिती चिठ्ठ्या टाकून निवडायची असते. पुढल्या वर्षाची फी संस्थेने सहा महिने आधी ह्या समितीपुढे मांडायची. एकदा ठरलेली फी दोन वर्षे पक्की. २०१८च्या दुरुस्तीने पंचवीस टक्के पालक एकत्र आले तर विभागीय समितीकडे तक्रार करू शकतात. एकट्याचे तिथे चालत नाही. आपल्याकडे ह्या समितीत कोण आहे, हे शंभरातल्या दहा पालकांनाही सांगता यायचे नाही, असे मला वाटते. चिठ्ठीत नाव निघाले तर "मला वेळ नाही" म्हणू नका. भावंडांची सवलत ही त्या समितीत बसून मागता येते. दुसऱ्या मुलाला इतकी, तिसऱ्याला इतकी सूट, असा नियमच करून घेतला की मग कोणालाच हात पसरावा लागत नाही. संस्थेलाही ते परवडते. वर्गात चाळीस बाके आहेत आणि अडतीस मुले, तर एकोणचाळिसाव्या मुलासाठी मास्तरांचा पगार वाढत नाही. पण एका घरातली चार मुले एकदम गेली तर चार बाके रिकामी होतात. हे सभेत बोलून दाखवायला हरकत नाही, फक्त धमकीच्या सुरात नको.

अर्ज कसा लिहावा? मी पाहिलेल्या अर्जांत दोन दोष हटकून असतात. एक तर पहिली चार वाक्ये "आपण मायबाप आहात" अशी, किंवा मग सगळे मोघम: "परिस्थिती हलाखीची आहे, कृपा व्हावी." सभेत बसलेल्या माणसांनी ह्यावरून काय ठरवायचे? आकडा सांगा. काय हवे ते सांगा. आपल्या त्या घरासाठी मी असा मजकूर लिहीन:

"मा. सचिव यांस. माझी चार मुले आपल्या शाळेत अनुक्रमे आठवी, सहावी, चौथी व पहिलीत आहेत. गेल्या पाच वर्षांत कोणाचीही फी थकलेली नाही. माझे हाती येणारे वार्षिक वेतन ४,५६,००० रुपये असून चौघांचा शाळेचा एकूण खर्च १,७२,००० रुपये येतो. घरात वृद्ध आईसह सात माणसे आहेत. वेतनपत्रक, कर्जाच्या हप्त्याचा उतारा व आईच्या औषधांच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. येत्या वर्षी धाकट्या दोघांची अर्धी फी, म्हणजे २८,००० रुपये, माफ व्हावी आणि उरलेली ८४,००० रुपये फी दहा समान हप्त्यांत भरण्याची परवानगी मिळावी, अशी विनंती आहे. शाळेच्या उपयोगी पडणारे काही काम मला करता येण्यासारखे असल्यास ते मी आनंदाने करीन. पुढील वर्षी माझ्या परिस्थितीत सुधारणा झाल्यास तसे आपणहून कळवीन."

एवढेच. एका पानात बसते. पाहा, ह्यात रडगाणे नाही, आणि सभेला 'हो' किंवा 'अर्धे हो' म्हणता येईल असा प्रश्न आहे. पूर्ण माफी मागणाऱ्याला पुष्कळदा पूर्ण नकार मिळतो. हप्ते मात्र बहुतेक संस्था देतात, कारण त्यांचे त्यात जात काही नाही. शेवटचे, आपणहून कळवण्याचे वाक्य मनापासून लिहायचे असेल तरच लिहावे.

शेतकरी असाल तर वेतनपत्रक नसते, आणि तिथे लोक अडखळतात. सात-बारा जोडला की संस्थेला पाच एकर दिसतात. त्या पाच एकरांवरचे सोसायटीचे कर्ज दिसत नाही. म्हणून सोसायटीचा बाकी-दाखला जोडावा, आणि ऊस किंवा कांदा घातला असेल तर गेल्या दोन-तीन हंगामांच्या पट्ट्या. एका वर्षाची पट्टी कधीच पुरेशी नसते. कांद्याला दर लागला त्या सालची एकच पट्टी जोडली तर तुम्ही सावकार ठराल, आणि पडेल दराची एकच जोडली तर लबाड. हप्तेही दरमहा न मागता सुगीनंतर दोन मोठे, असे मागा. पैसा ज्या महिन्यात येतो त्याच महिन्यात देण्याचे वचन पाळता येते.

देणगीचे काय? प्रवेशाच्या वेळी सक्तीने देणगी घेणे ह्या राज्यात १९८७च्या कायद्याने मना आहे, आणि शिक्षण हक्काचे तेरावे कलमही तेच सांगते. तरीही "इमारत निधी" म्हणून कोणी मागितलाच, तर पावती मागा. पावती मागितली की पुष्कळ निधी आपोआप विरघळतात.

संस्थेने नाही म्हटले तरी सगळी दारे बंद होत नाहीत. पतसंस्था, साखर कारखाने, ज्ञातीची मंडळे, नोकरांच्या सहकारी सोसायट्या ह्यांपैकी कितीतरी ठिकाणी सभासदांच्या मुलांसाठी बक्षीस किंवा मदतीची रक्कम वार्षिक सभेत मंजूर होते. आपण सभासद असतो, भाग घेतलेला असतो, पण अहवालाचे ते पान उघडत नाही. आपल्या सोसायटीचा गेल्या वर्षीचा अहवाल कपाटातून काढून शिक्षण निधीचा आकडा बघा. काही वेळा तो वर्षानुवर्षे तसाच पडून असतो, अर्ज आला नाही म्हणून.

आता दोन शब्द शिक्षकांना. अर्ज तुमच्या हातून जातो. त्यातले आकडे शिक्षकांच्या खोलीत चहाबरोबर फिरू नयेत. माझ्या लहानपणी आमच्या शाळेत फी थकलेल्यांची नावे वर्गात मोठ्याने वाचण्याची पद्धत होती. ज्याचे नाव येई तो उभा राही. माझ्या शेजारचा मुलगा तीन महिने उभा राहिला आणि चौथ्या महिन्यात आला नाही. गणितात तो आम्हां सगळ्यांच्या पुढे होता. आज मुलाला असा मानसिक त्रास देणे कायद्याने गुन्ह्याच्या जवळ जाते. सतरावे कलम त्यासाठीच आहे. फीची चिठ्ठी बंद पाकिटात बापाच्या हाती द्यावी, मुलाच्या दप्तराला टाचून नव्हे. परीक्षेच्या दिवशी फीसाठी वर्गाबाहेर उभे करणे तर कोणत्याच शिक्षकाला शोभत नाही, मग हुकूम वरून का आलेला असेना.

शिफारस लिहिताना "विद्यार्थी गरीब व होतकरू आहे" हे छापील वाक्य नको. मध्यम घरातल्या मुलाविषयी ते खरेही नसते आणि संस्थेला पटतही नाही. मूल किती दिवस हजर होते, कशात पुढे आहे, घरातली किती भावंडे शाळेत आहेत आणि फी आजवर कशी आली, एवढे चार ओळींत लिहा. ज्या घरी मुलीला काढण्याचे घाटत आहे अशी कुणकुण लागली असेल, त्या घरी सुट्टी लागण्याआधी एकदा जाऊन या. आजीशीही बोला. पुष्कळदा निर्णय तिच्याच खाटेपाशी होतो.

आणि पालकांनो, अर्ज दिला की दुसऱ्या प्रतीवर तारखेचा शिक्का आणि सही, म्हणजे पोच, घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नका. ती प्रत फीच्या पावत्यांबरोबर एकाच पिशवीत ठेवा. सभा कधी आहे ते विचारून घ्या, आणि सभेनंतर आठ दिवसांनी स्वतः जाऊन उत्तर घ्या, लेखी घ्या. उत्तर "पुढच्या वर्षी पाहू" असे आले तर ती तारीखही लिहून ठेवा. पुढच्या डिसेंबरात त्याच कागदाचा हवाला देऊन नवा अर्ज करायचा आहे.